कासियानचे तास

आमच्या डोंगरात अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, तासांत सांगतात. पिवळ्या पाटीवर पुढच्या निवाऱ्याचं नाव असतं आणि समोर वेळ लिहिलेली असते. हे तास नक्की कुणाच्या पायांचे, असं कुणी विचारत नाही. आमच्याकडे विचारायची गरजही नव्हती. खालच्या गावापासून वर म्हाताऱ्या झेन्झच्या शेवटच्या निवाऱ्यापर्यंत, सहा निवाऱ्यांच्या वाटेवरचे सगळे तास कासियान प्लांगरचे होते.

मी चौथा निवारा चालवते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत बत्तीस पथाऱ्या, एक चूल, मदतीला भाची आणि खालून जे कोणी चढून येईल ते. मी सांगतेय त्या वर्षी त्याला बावीस वर्षं झाली होती. त्यांतली निदान वीस मी कासियानला शिव्या घालण्यात घालवली, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

कासियान मूळचा धुराडी साफ करणारा. उन्हाळ्यात धुराड्यांना काम नसतं, म्हणून एक्क्याण्णव साली डोंगर-मंडळाने त्याला वाटांचा कारभारी नेमलं. पगार शून्य. एक ब्रश, रंगाचे तीन डबे आणि खांद्याला लावायची शिडी. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, "सगळी वाट एकदा चाल, वेळा लिहून आण, त्या पाट्यांवर घालू." कासियान तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. पहाटे पाचला गावातल्या हौदापासून निघाला आणि दुपारी दीडला झेन्झच्या दारात उभा राहिला. ही वाट इतर माणसं तीन दिवसांत करतात.

"पळत गेलास काय रे?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. जरा घाईत चाललो."

त्याची घाई मी पुढे खूपदा पाहिली. चढावर दोन्ही तळवे मांड्यांवर टेकून बारीक बारीक पावलं टाकायचा, सपाटीला लागला की पळायचा, आणि घसाऱ्यावर तर टाचा रोवून दगडांबरोबर स्वतःही खाली वाहत यायचा. पाव आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा खिशात. खाणं पळतापळताच. थांबायचा वेळ त्याने पाट्यांत धरलाच नव्हता, कारण तो थांबत नसे. अध्यक्षांनी कागदावरचे आकडे तसेच रंगवायला सांगितले आणि दोन वर्षांनी ते वारले. आकडे राहिले. दर पाच वर्षांनी पाटीचा रंग उडायचा, आणि कासियान शिडी घेऊन यायचा आणि तेच आकडे पुन्हा काढायचा.

आता याचा ताप काय ते सांगते. संध्याकाळी सहाला आम्ही सगळे निवारेवाले एकमेकांना फोन करतो. कोण निघालं, कोण पोहोचलं. पाटीवरच्या वेळेपेक्षा दोन तास उलटून गेले आणि माणूस आला नाही, तर पुढच्या निवाऱ्याने शोधायला निघायचं, हा आमचा जुना नियम. पाचव्या निवाऱ्याचा रूपर्ट एका उन्हाळ्यात एकोणीस वेळा शोधायला गेला. एकोणीसही वेळा माणसं सुखरूप सापडली. बहुतेक जण दगडावर बसून सँडविच खात होते. रूपर्ट एकशे दहा किलोचा आहे. तोच हरवला तर त्याला शोधायला कुणाला पाठवायचं, हा प्रश्न आम्ही कधी काढला नाही.

माझ्याकडे माणसं यायची ती पाय ओढत, तोंड वाकडं करून. "पाटीवर सव्वा तास लिहिलंय. आम्हाला अडीच लागले. पाटी चुकलीय." एकदा असंच एक जोडपं सपाट मुलखातून आलेलं, आणि नेमका कासियान स्वयंपाकघरात उभ्याउभ्या क्नोडेलचं, म्हणजे पावाच्या गोळ्यांचं, सूप पीत होता. मी त्याला बाहेर बोलावलं. म्हटलं, ऐक आता तूच.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "पाटी बरोबर आहे."

"मग चुकलं काय?" तो गृहस्थ म्हणाला.

"पाय," कासियान म्हणाला आणि सूप प्यायला आत गेला.

तो वाईट माणूस होता असं नाही. हजार मीटरच्या वर आमच्याकडे कुणी कुणाला तुम्ही म्हणत नाही, तसं तिथे कुणाला कुणाचं मन राखायचीही सवय नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. वेळ ही मोजलेली गोष्ट आहे. आपण मोजली. वाट तेवढीच आहे, डोंगर वाढलेला नाही. मग आकडा का बदलायचा? लग्न त्याने केलं नाही. घरी एक बहीण होती आणि कोंबड्या होत्या. बाकी त्याचं म्हणावं असं जे काही होतं ते या पाट्यांवर होतं, आणि हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच आम्ही त्याला तोंडावर शिव्या घालायचो, पण मंडळात लेखी तक्रार बावीस वर्षांत एकानेही केली नाही.

दर पंधरा ऑगस्टला, चर्चमध्ये औषधी वनस्पतींच्या जुड्यांना आशीर्वाद देतात त्या दिवशी, तो आख्खी वाट पळायचा. पाट्या तपासतो म्हणायचा. गेली चार वर्षं मात्र पळाला नव्हता. एकदा बहिणीची शस्त्रक्रिया, एकदा कोंबड्यांचा आजार, एकदा म्हणे कुणाचं तरी धुराडं तुंबलं, तेही ऑगस्टमध्ये. चौथ्या वर्षी कारण त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मग मंडळाला नवी सचिव मिळाली. फेरेना. वय एकोणतीस, जमीन मोजणीच्या कचेरीत नोकरी, अक्षर छापल्यासारखं. हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या सभेत तिने एक कागद वाटला. तासाला तीनशे मीटर चढ, पाचशे मीटर उतार, चार किलोमीटर सपाटी. या सूत्राने आपल्या सगळ्या पाट्या पुन्हा लिहायच्या.

"सगळ्या युरोपात हेच सूत्र वापरतात," ती म्हणाली.

"युरोप इथून चालत जात नाही," कासियान म्हणाला.

"प्लांगरसाहेब, तुमच्या वेळा चुकीच्या आहेत असं मी म्हणत नाही. त्या तुमच्या आहेत, एवढंच म्हणतेय."

हे त्याला लागलं. चुकीच्या म्हणाली असती तर तो हसला असता. तो उठला आणि म्हणाला, "सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मी पळतो. झेन्झच्या दारापर्यंत पाटीपेक्षा जास्त वेळ लागला, तर पाट्या तुझ्या. ब्रशपण तुझा."

"साक्षीदार कोण?"

"वह्या."

यावर कुणाची हरकत असणं शक्य नव्हतं. प्रत्येक निवाऱ्यात एक जाड वही असते. माणूस आला की त्याची वेळ निवारेवाला लिहितो. निघताना तो माणूस स्वतःच्या हाताने निघायची वेळ आणि पुढचं ठिकाण लिहितो. कुणी हरवलं तर शोधणारे आधी वही उघडतात. त्या वहीत खोटं लिहायचं नाही, हे आमच्याकडे पोरांना देवाच्या प्रार्थनेच्या आधी शिकवतात. तेव्हा असं ठरलं की हंगाम संपल्यावर ऑक्टोबरच्या सभेत सहाही वह्या फेरेनापुढे ठेवायच्या आणि तिने वाचायच्या.

त्या शनिवारी धुकं होतं, आणि खिंडीत रात्री बोटभर बर्फ पडून गेलेलं. पाटीच्या हिशेबाने तो माझ्याकडे पावणेअकराला यायला हवा होता. तिसऱ्या निवाऱ्याचा फोन आला, "निघाला." कधी निघाला ते तिकडून सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पावणेअकरा झाले. अकरा झाले. मी उगाचच पायरी तीनदा झाडली. भाची म्हणाली, "मावशी, ती स्वच्छ आहे." मी तिला बटाटे सोलायला बसवलं.

साडेअकराला तो धुक्यातून वर आला. एका गुडघ्यातून रक्त येऊन मोज्यापर्यंत वाळलेलं. बाकावर बसताना त्याने आधी हाताने बाक चाचपला आणि मग बसला. मी न विचारताच सूप ठेवलं. आजवर तो माझ्याकडे उभ्यानेच खायचा.

"पडलास?"

"बसलो होतो जरा. दगड टोकदार होता."

खाऊन झाल्यावर त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बुर्गा, तुझं घड्याळ पुढे आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

हो म्हणायला हवं होतं. त्याला ते खरं वाटलं नसतं, पण म्हणायला हवं होतं. त्याने वही ओढली, निघायची वेळ लिहिली, पावणेबारा, पुढे रूपर्टच्या निवाऱ्याचं नाव लिहिलं, आणि बाहेर पडून पळायला लागला. छान पळत होता. मीसुद्धा मनात म्हटलं, आहे अजून दम.

मी पांघरुणं घड्या घालायला वर गेले. वरच्या खिडकीतून वाटेचा पुढचा तुकडाही दिसतो, जो खालून पायरीवरून दिसत नाही. तेवढ्यात धुकं जरा उघडलं. वळणापर्यंत तो पळाला. वळण घेतलं, निवारा नजरेआड झाला असं त्याला वाटलं, आणि तो थांबला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकला. मग चालायला लागला, पाय फेकत, आमचा म्हातारा डाकवाला चालायचा तसा. जिथे वाट पुन्हा उघड्यावर येते, तिथे तो परत पळायला लागला. तिथून माझी पायरी दिसते. पायरीवर मी असेन, असं त्याला वाटलं असणार.

मला रडू आलं. आलं तर आलं, सांगायला लाज कसली. मग मी खाली गेले, वही उघडली आणि त्याच्या नावासमोर आल्याची वेळ लिहिली: पावणेअकरा. बावीस वर्षांत त्या वहीतलं हे माझं पहिलं खोटं. लिहून झाल्यावर लक्षात आलं की निघायची वेळ तर त्याने स्वतःच पावणेबारा लिहिलीय. म्हणजे हा माणूस एक तास सूप पीत बसला होता. असू दे, मी म्हटलं. लोक सावकाश खातात. तसंही इतर वह्यांत खरं लिहिलेलं असणारच, त्यात माझ्या एका वहीने काय होतंय?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, गावातल्या सभागृहात सभा भरली. कासियान सगळ्यात आधी आला होता. पुढच्या टेबलावर त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून ब्रश ठेवला होता, धुऊन, केस सारखे करून. शेजारी रंगाचे डबे. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. निकाल त्याला माहीत होता. आम्हालाही माहीत होता. फक्त वाचायचा बाकी होता.

फेरेनाने वह्या ओळीने लावल्या आणि उभी राहून वाचायला लागली. पहिला निवारा, वेळेवर. दुसरा निवारा, वेळेवर. ते खरं होतं. तिसरा निवारा, आगमन साडेनऊ. पाटीप्रमाणे मिनिटही इकडेतिकडे नाही. कासियानने मान वर केली. चौथा निवारा, आगमन पावणेअकरा. मी छताकडे पाहिलं.

"चौथ्यातून निघाले पावणेबाराला," फेरेना म्हणाली. "म्हणजे तिथे एक तास थांबले."

"सूप गरम होतं," मी म्हणाले.

तिने पुढची वही उघडली. "पाचवा निवारा. आगमन बारा." ती थांबली, आधीची वही पुन्हा पाहिली. "पावणेबाराला निघाले आणि बाराला पोहोचले. पंधरा मिनिटांत. पाटीवर सव्वा तास आहे."

"उतार आहे," रूपर्ट म्हणाला.

"मध्ये चारशे मीटरचा चढ आहे."

"त्याच्या पलीकडे उतार आहे."

मागे कुणीतरी खोकलं. मी रूपर्टकडे पाहिलं, तो स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फेरेनाने सहावी वही उघडली. तिचा आवाज आता जरा बारीक झाला होता. "पाचव्यातून निघाले, प्लांगरसाहेबांच्या हस्ताक्षरात, पावणेदोन. सहाव्यात आगमन दीड." तिने वही खाली ठेवली. "निघायच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचले."

सगळं सभागृह झेन्झकडे वळलं. झेन्झ चौऱ्याहत्तर वर्षांची, सहावा निवारा चालवते, पहाटे उठून जपमाळ ओढते. तिच्याकडून कुणी खोट्याची अपेक्षा केली नसती.

"तो नेहमीच लवकर येतो," झेन्झ म्हणाली.

कुणीही हसलं नाही. कासियान उठला होता. तो आमच्याकडे एकेकाकडे पाहत होता, तिसऱ्या निवाऱ्यापासून सुरुवात करून, ओळीने, जणू वाटेवरच्या खुणा तपासतोय.

"झेन्झकडे मी चारला पोहोचलो," तो म्हणाला. "रूपर्टकडे दीडला. बुर्गाकडे साडेअकराला. तिसऱ्याला दहा वाजले. पाटीपेक्षा अडीच तास जास्त. घ्या लिहून."

फेरेनाने लिहून घेतलं.

"तुम्ही मला शिव्या घालायचात ना?" त्याने आम्हाला विचारलं.

"घालतो," रूपर्ट म्हणाला. "एकोणीस वेळा गेलोय मी त्या घसाऱ्यावर."

"मग हे कशाला? वहीत? वहीत खोटं?"

मी ठरवून काही बोलले नाही, तोंडातून गेलं. "वळणावर तू पळायचं थांबलास ना, तेव्हा मी पायरीवर नव्हते. वरच्या खिडकीत होते."

तो लाल झाला, कानांपर्यंत. मग खाली बसला. टेबलावरचा ब्रश त्याने वर्तमानपत्रासकट फेरेनाकडे सरकवला.

फेरेनाने ब्रशला हात लावला नाही. तिच्या कागदावर सूत्राने काढलेले आकडे होते. "चौथा ते पाचवा, सूत्राप्रमाणे पावणेदोन तास," ती म्हणाली. "तुम्हाला किती लागले?"

"पावणेदोन."

"पाचवा ते सहावा, सव्वादोन."

"सव्वादोन," कासियान म्हणाला. जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे तुझं सूत्र सहासष्ट वर्षांचं आहे."

"तसं म्हणता येईल," फेरेना म्हणाली. "मला पाट्या रंगवता येत नाहीत, प्लांगरसाहेब. आकडे सूत्राचे लिहा. ब्रश तुमच्याचकडे राहू दे."

सगळ्यांनी हात वर केले. त्याने नाही केला, पण ब्रश परत घेतला. वहीत खोटं लिहिल्याबद्दल आम्हा चौघांना मंडळाने लेखी ताकीद दिली. माझी मी स्वयंपाकघरात लावलीय, मिठाच्या डब्याच्या वर.

पुढच्या जूनमध्ये, निवारा उघडून चार दिवस झाले होते, तेव्हा तो शिडी घेऊन आला. चालत आला. खालच्या पाट्या झाल्या होत्या. माझ्या दारातल्या पाटीवर शिडी लावून त्याने जुना सव्वा तास खरवडून काढला, फेरेनाचा कागद खिशातून काढला, पाहिला आणि तसाच शिडीवर उभा राहिला.

"तुला किती वेळ लागतो रूपर्टकडे जायला?" त्याने विचारलं.

"मी कधी गेले नाही."

"बावीस वर्षांत?"

"तेवीस. हंगामात निवारा सोडून जायचं कुठे? आणि हंगाम संपला की मी खालच्या वाटेने घरी जाते. खिंडीपर्यंत गेलेय एकदा, बकरी शोधायला. माझा गुडघाही बरा नाही."

तो शिडीवरून उतरला. ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "चल," म्हणाला.

"कुठे चल? पाहुणे येतील."

"भाची आहे ना?"

भाची दारातच उभी होती. म्हणाली, "जा ना मावशी, बटाटे मी सोलते." मी एप्रन काढला आणि निघाले, कारण तिथे उभं राहून त्याच्याशी वाद घालायला जास्त वेळ लागला असता.

खिंडीपलीकडे डोंगर कसा आहे हे मी रूपर्टच्या तोंडून फोनवर हजारदा ऐकलं होतं. तो जे सांगायचा त्यात शिव्याच जास्त असायच्या, त्यामुळे तिथे एवढं सुंदर असेल याची मला कल्पना नव्हती. घसाऱ्यावर मी बसून उतरले. कासियान दहा पावलं पुढे जायचा, उभा राहायचा, मी पोहोचले की पुन्हा दहा पावलं. रूपर्टच्या अंगणात पोहोचलो तेव्हा रूपर्ट मला पाहून म्हणाला, "काय झालं? कोण हरवलं?"

"कोणी नाही," कासियान म्हणाला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

संध्याकाळी आम्ही परतलो. अंधार पडायच्या आत त्याने शिडी पुन्हा चढून पाटी पुरी केली. रूपर्टचा निवारा, अडीच तास. आठवड्याने मंडळातून फेरेनाचा फोन आला. कासियान तेव्हा माझ्याकडेच मागच्या वाटेच्या खुणा रंगवत होता. मी फोन त्याच्या कानाला लावून धरला, त्याचे हात रंगाने भरले होते. तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"प्लांगरसाहेब, यादीत पावणेदोन आहे."

"पावणेदोन कुणाला लागतात?" तो म्हणाला. "नाव सांग."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"बुर्गाला अडीच लागतात," कासियान म्हणाला. "मी मोजलेत."

पाटी अजून तशीच आहे. हलक्या बुटांतली तरणी पोरं येतात, अडीच तास वाचून हसतात आणि तासाभरात रूपर्टकडे पोहोचतात. हसू देत. ज्याने आयुष्यात त्या वाटेवर कुणासाठी पाऊल थांबवलं नाही, तो त्या दिवशी माझ्यासाठी चौदा वेळा थांबला होता, आणि एकदाही मागे वळून "चल लवकर" म्हणाला नव्हता.